सगळं शहर माफी मागत होतं

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे शाळेतून नुकतीच रिटायर झाले होते आणि आजी व्हायला अजून अवकाश होता. आजी व्हायच्या आधीची बाई ही तरुणच, असं माझं मत आहे, आणि आजी झाल्यापासून ते अधिकच पक्कं झालंय.

त्या तरुण बाईनं एक दिवस जेवताना जाहीर केलं की ती बॅकपॅकिंगला जाणार. हा शब्द तिला मुलाकडून मिळाला होता. पाठीवर सॅक मारायची, स्वस्तातल्या हॉटेलात उतरायचं, कुणाला काही विचारायचं नाही आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगत बसायचं, एवढा त्याचा अर्थ तिला कळला होता. शेवटचा भाग तिला विशेष आवडला होता.

मुलगा म्हणाला, "मग बँकॉकला जा. नाहीतर व्हिएतनाम. सगळे तिकडेच जातात."

"मी बहरीनला जाणार."

"बहरीनला कोण बॅकपॅकिंगला जातं?"

"मी."

"मावशीकडे चाललीयस का?"

"मावशीचा काय संबंध? बहरीन तिच्या मालकीचं आहे का?"

मुलगा भाताकडे बघू लागला. त्याला सगळं माहीत होतं. तुम्हालाही सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझी धाकटी बहीण लग्न झाल्यापासून बहरीनमध्ये आहे. नर्स आहे. नवरा तुबलीला एका गॅरेजमध्ये सुपरवायझर, मुलगी तिथेच जन्मली, तिथेच इंग्रजी शाळेत वाढली. आमची आई माझ्याजवळ असायची, वसईला. करोनाच्या दिवसांत आई गेली. करोनानं नाही, हृदयानं गेली. पण त्या दिवसांत कुणी कशानंही गेलं तरी विमानं बंदच होती. बहिणीला येता आलं नाही. मातीला आम्ही मोजकी माणसं, आणि माझ्या मुलानं हात वर करून धरलेल्या मोबाइलमध्ये ती. नंतर एकदा फोनवर बोलता बोलता ती (आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात) म्हणाली, "बाय, तू तिला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतंस. तिला दम लागत होता. तू रोज तिच्यासमोर होतीस, तुला कळलं कसं नाही?"

हे शेजारीण बोलली असती तर मी तिला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण नर्स बोलली म्हणजे वाक्यावर शिक्का बसतो. मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. नाताळ गेले, ईस्टर गेले. खरी अडचण अशी होती की तेच वाक्य मी स्वतःला रोज म्हणत होते; दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं. तिनं ते मागे घ्यावं, माफी मागावी, म्हणजे मलाही ते म्हणायचं थांबवता येईल, असा माझा हिशेब होता. यात बहिणीला काही सांगायची गरज आहे असं मला वाटलं नाही. तिचं तिला कळायला हवं होतं.

म्हणून बहरीन. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. तिच्या शहरात जायचं, तिला कळेल असं राहायचं आणि वाट बघायची. मी हॉटेल घेतलं ते हूरा नावाच्या वस्तीत. बहिणीचं घरही हूऱ्यातच, दोन गल्ल्या पलीकडे. हा निव्वळ योगायोग. पत्ता मी भाचीला विचारून काढला होता. "आईला सांगू नकोस," असंही तिला निक्षून लिहिलं होतं, म्हणजे ती त्याच संध्याकाळी सांगेल.

जुलैमध्ये बहरीनला दोन प्रकारची माणसं उतरतात. तिथे राहण्याचा ज्यांना पगार मिळतो ती, आणि मी. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं तर तोंडावर गरम झोत आला. मला वाटलं, एखाद्या बसचं इंजिन या बाजूला तोंड करून उभं असेल, म्हणून मी जरा सरकले. तिथेही तेच इंजिन. मग मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. बराच वेळ मी त्या इंजिनाला चुकवत होते. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं माझी दया येऊन दार उघडलं.

सॅक मुलाची होती, किल्ले चढायला घेतलेली. ती माझ्या डोक्याच्या वर निघायची, त्यामुळे मागून बघणाऱ्याला सॅकलाच पाय फुटलेत असं वाटायचं. आत रेनकोट होता. शिट्टी होती, हरवल्यास वाजवायला. कपडे वाळत घालायला दोरी, डासांची कॉइल, आणि वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळलेलं सुक्या बोंबलांचं एक मोठं पाकीट. हॉटेलच्या खोलीत चूल नसते हे मला माहीत होतं. पाकीट कुणासाठी, असं मुलानं विचारलं नाही. शहाणा आहे तो.

हॉटेलचं नाव मोठं होतं आणि लिफ्ट लहान. मी आणि सॅक एका वेळी मावत नव्हतो, म्हणून आधी सॅक गेली, मग मी. तळमजल्याला 'लाइव्ह म्युझिक' अशी पाटी होती. मी खूश झाले, आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये मी बरीच वर्षं गायलेली. सकाळी नाश्त्याला ते वादक दिसले. काळे चष्मे लावून, कुणाशी न बोलता अंडी खात होते. कॉयरबद्दल मी विचारलं नाही.

आणि याच हॉटेलात, पहिल्याच दिवशी, माझा तो मोठा शोध लागला.

झालं असं की आंघोळीला गेले, थंड पाण्याचा नळ सोडला, तर त्यातून चहाचं पाणी. हात भाजला. खाली येऊन काउंटरवर तक्रार केली. काउंटरवर एक पोक्त बांगलादेशी गृहस्थ होते, जाड मिशा, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर कायमची चिंता. मी माझ्या वसईच्या हिंदीत सांगितलं, ठंडे नल में गरम पानी आ रहा है.

ते खेदानं म्हणाले, "थंडा पानी माफी, मॅडम."

मी विरघळले. आमच्याकडे नळाची तक्रार केली की माणूस नगरपालिकेपासून सुरुवात करतो. इथे पहिलाच शब्द माफी! आणि तोही कसा, मान खाली घालून. मी म्हटलं, "कोई बात नहीं, आपका क्या दोष." त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की टाकी गच्चीवर, उन्हात; गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी वापरायचं, ते खोलीतल्या गारव्यानं निवलेलं असतं. म्हणजे बहरीनला उन्हाळ्यात गरम पाण्यासाठी थंड नळ आणि थंड पाण्यासाठी गीझर. हे मी आमच्या रिटायर्ड शिक्षिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलं. दोघींनी गुलाबाची फुलं पाठवली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, दुकान गरम असलं तरी. मी लिंबं मागितली. दुकानदार म्हणाला, "माफी." मी म्हटलं, असू दे. कोथिंबीर? "माफी." असू दे हो, असू दे. बसमध्ये मोठी नोट दिली, ड्रायव्हर हात हलवून म्हणाला, "चेंज माफी." टॅक्सीवाल्याला मीटर दाखवला तर तोही, "मीटर माफी." या टॅक्सीवाल्याला मी माफ केलं हे त्याला इतकं आवडलं की त्यानं मागितलेली रक्कम मी आजवर घरी सांगितलेली नाही.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मी साधी बाई नव्हते, मराठीची बाई होते. व्याकरणाच्या तासाला अरबीतून आलेले शब्द मी पोरांकडून घडाघडा पाठ करून घेत असे: अर्ज, इनाम, हुकूम, जाहीर, माफी. दुसऱ्या कुणा प्रवाशाला हा शब्द कळला नसता, त्यानं कुणाला तरी विचारलं असतं आणि तो वाचला असता. मला विचारायची गरजच नव्हती. मी कुणाला विचारणार, मी तर तो शिकवत होते! उलट माझं ऊर भरून आलं. आपण इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द इथे, त्याच्या माहेरी, दुकानात, बसमध्ये खेळतोय. मी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. मथळा होता, 'क्षमा मागणारा देश'. त्यात असंही लिहिलं होतं की एवढ्या तेलाच्या पैशानंही ज्यांचा अहंकार वाढला नाही, त्यांच्याकडून आपण शिकावं. माझ्या एका जुन्या मुख्याध्यापिकेनं तो मजकूर तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवला. अजून फिरत असेल.

तुम्ही म्हणाल, चूक लक्षात कशी आली नाही? कशी येणार? दुकानदार जेव्हा जेव्हा माफी मागायचा, तेव्हा तेव्हा त्याच्याकडे वस्तू नसायचीच. सगळं अगदी जुळत होतं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. कोल्ड स्टोअरवाला माझी माफी मागत होता, बसवाला मागत होता, काउंटरवरचे गृहस्थ तर येता-जाता मागत होते. 'वायफाय माफी', 'लिफ्ट माफी', एकदा तर नाश्त्याला 'अंडा माफी'. सगळं शहर माफी मागत होतं, आणि जिनं मागायची तिचा फोन येत नव्हता.

ती बघत होती, हे मला ठाऊक होतं. मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकत होते. मशिदीसमोर मी. समुद्रासमोर मी. हॉटेलच्या पाटीसमोर मी, पाटीवरचं नाव पूर्ण वाचता येईल अशी, जरा बाजूला सरकून. स्टेटस कुणी पाहिलं याची यादी असते. त्यात बहिणीचं नाव रोज पहिलं. टाकल्या टाकल्या. पण शब्द नाही, अंगठाही नाही. मीही तिचं नाव यादीत दिसलं की फोन उलटा ठेवून द्यायचे, जणू ती मला बघताना मी तिला बघितलं हे तिला कळेल.

मग मी ठरवलं की आपण इथे खरोखरच फिरायला आलो आहोत. सकाळी ट्राउझर घातली, तीही मुलानं दिलेली, खिसेच खिसे. एका खिशात जपमाळ, एकात ओआरएसची पाकिटं, बाकीच्यांत काय होतं ते मलाच आठवत नसे, म्हणून चालताना मी ठिकठिकाणी वाजत असे. बस पकडून झल्लाकला गेले. तिथे समुद्रकिनारा आहे असं वाचलं होतं. आहेही, पण जिथे बघावं तिथे रिसॉर्टची भिंत. एका फाटकावर गार्डला मी म्हटलं, बीच? त्यानं माझ्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं, माझ्या वाजणाऱ्या ट्राउझरकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफी, मम्मा." त्याला मी मनापासून क्षमा केली आणि भिंतीच्या सावलीत उभी राहिले. सावली माझ्यापेक्षा अरुंद होती. समुद्राचा आवाज येत होता. तो बराच वेळ ऐकून मी परतीची बस पकडली. ग्रुपवर लिहिलं, 'झल्लाकचा समुद्र अविस्मरणीय'.

दुपारी हॉटेलवर पोचले तेव्हा तोंड भाजून लाल झालं होतं. काउंटरवरचे गृहस्थ मला बघून उभेच राहिले.

"मॅडम! सिस्टर आया."

माझ्या पाठीवरची सॅक एकदम हलकी झाली. "कौन? मेरी बहन?"

"हां, सिस्टर. नर्स का कपडा." आणि मग खेदानं मान हलवून, "मॅडम माफी. सिस्टर गया."

मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. सिस्टर आली. 'मॅडम, माफी.' सिस्टर गेली. यात कळायचं काय बाकी होतं? तरी मी शिक्षिका. कबुलीजबाब पुरा घेतल्याशिवाय सोडायची सवय नाही.

"रोती थी क्या?" मी विचारलं. त्यांना कळलं नाही. मी डोळ्याकडे बोट दाखवून, गालावरून खाली बोट ओढत म्हटलं, "पानी? पानी?"

त्यांनी माझा लाल चेहरा पाहिला, मागे वळून फ्रिजचं दार उघडून आत पाहिलं आणि फार वाईट वाटून म्हणाले, "पानी माफी, मॅडम."

मी काउंटरला धरलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडात माफी. त्या अनोळखी माणसासमोर! नर्सच्या कपड्यांत! म्हणजे ड्यूटीवरून थेट आली असणार, जेवलीही नसणार. बिचारी. मी खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा जरा मोकळी रडले. मग गीझरच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि विजयी माणसानं कसं वागावं याचा विचार सुरू केला.

लगेच जायचं नाही, हे ठरलं. लगेच गेलं तर उतावीळ दिसतं. तिला एक दिवस पश्चात्तापात राहू द्यावं. पुढचा दिवस शुक्रवार, तिकडे सुट्टीचा, सकाळी चर्चमध्ये मिस्सा असतो, दुपारी ती घरी सापडेल. तोवर मी आरशासमोर भाषण तयार केलं. शाळेतल्या निरोप समारंभांची सवय होती. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं घ्यावं की नाही, यावर बराच विचार केला. शेवटी आपण ख्रिस्ती आहोत म्हणून काढलं. मग मोठ्या बहिणीचं कर्तव्य, आईच्या आत्म्याची शांती, आणि शेवटी तिचा हात हातात घ्यायचा. हॉटेलची खोलीही सोडून दिली. माफी दिलेल्या बहिणीनं हॉटेलात राहणं बरं दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी निघाले. दोन गल्ल्या. हूऱ्यातल्या सगळ्या इमारती मातकट रंगाच्या, सगळ्यांना तेच एसी, सगळ्या एसींतून तेच पाणी ठिबकतंय, त्याखाली तीच मांजर निजलेली. एकाच इमारतीला मी दोनदा वळसा घातला हे मांजरीनं डोळा उघडून सांगितलं तेव्हा कळलं. शिट्टी वाजवावी की काय अशा विचारात असताना भाचीनं पाठवलेल्या फोटोतलं दार दिसलं.

बेल वाजवली. दार बहिणीनं उघडलं. गाउन, केस वर बांधलेले, हातात उलथनं. आतून गार हवा आणि मासे तळल्याचा वास एकदम अंगावर आला. ती म्हातारी झाली होती. हे भाषणात नव्हतं, त्यामुळे मी जरा अडखळले.

तिनं आधी मला पाहिलं, मग सॅकला, मग नाक वर करून म्हणाली, "बोंबील आणलेस?"

(ती आमच्या वसईच्या घरच्या बोलीत बोलते. मी लिहिताना सुधारून घेते. सवय.)

"ते नंतर," मी म्हटलं आणि उंबऱ्यावरच सुरू केलं. "हे बघ. माणूस चुकतो. तू चुकलीस. पण तू माफी मागितलीस, त्यातही त्या परक्या माणसासमोर, हे काही थोडं नाही. मोठी बहीण या नात्यानं मी तुला..."

"कुणी माफी मागितली?"

"तू."

"कधी?"

"काल. हॉटेलात. रडत."

बहिणीनं उलथनं खाली केलं. मागून भाची आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. बहिणीनं तिला विचारलं, "मी काल रडत होते का गं?"

"नो. यू वेअर अँग्री."

"मी अर्धा तास तिथे उभी होते," बहीण मला म्हणाली. "दरवेळी विचारलं की तो एकच सांगतो, मॅडम माफी, मॅडम माफी. शेवटी आले निघून."

"म्हणजे तोच माफी मागत होता?" मी विचारलं. "तुझी? कशाबद्दल?"

भाचीनं तोंडावर हात ठेवला. "ओ माय गॉड, मावशी. माफी मीन्स नहीं है. देअर इज नन. मॅडम माफी मीन्स मॅडम इज नॉट हिअर!"

मी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोरून लिंबं गेली, कोथिंबीर गेली, बसवाला, टॅक्सीवाला, झल्लाकचा गार्ड गेला. ज्यांना मी क्षमा केली ते सगळे एकामागून एक गेले. सर्वांत शेवटी तो मजकूर गेला, मुख्याध्यापिकेच्या सोसायटीच्या ग्रुपवर.

"तू सगळ्यांना माफ करत फिरलीस?" बहिणीनं विचारलं. हसत नव्हती. हसू आवरायला ती उलथन्याकडे बघत होती.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, मान ताठ ठेवून परत जायचं. पण खोली सोडली होती, आणि मागे वळले असते तर सॅक दाराच्या चौकटीत अडकली असती.

"आत ये, नाहीतर दार लाव," बहीण म्हणाली. "सगळा एसी बाहेर चाललाय. साफी तळतेय. घरात साफी आहे, माफी नाही. चालत असेल तर जेव."

साफी हा तिथला मासा, लहान, काटेरी, बहरीनी माणसाचा जीव की प्राण. मी म्हटलं, "थोडा वेळ बसते." सॅक भाचीनं उतरवून घेतली आणि बोंबलांचं पाकीट माझ्या परवानगीशिवाय बाहेर काढलं.

स्वयंपाकघरात एक स्टूल होतं, त्यावर बसले. बहीण पाठमोरी तळत होती. माझा राग हळूहळू परत जागेवर आला.

"मग हॉटेलात आली होतीस कशाला?"

"ड्यूटीवर जाताना तू बसस्टॉपवर दिसलीस. उन्हात, ते घर पाठीवर घेऊन. या महिन्यात वॉर्डात ऊन लागलेलेच येतात. म्हटलं, ही माझ्याच वॉर्डात यायची आणि तिथेही माझ्याशी बोलायची नाही. सलाईन लावायचं कसं?"

"म्हणजे माफी मागायला नव्हती आलीस."

"नाही."

"ते वाक्य तू मागे घेणार आहेस की नाही?"

कुठलं वाक्य, असं तिनं विचारलं नाही. मासा उलटला. "नाही घेणार. तिला आधी न्यायलाच हवं होतं."

मी स्टुलावरून उठले. कुठे जाणार होते देव जाणे.

"पण तुला कळणार कुठून?" ती पुढे म्हणाली, तशीच पाठमोरी. "तुला तिनं सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"फोनवर. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात. मी म्हटलं, बायला सांग, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. तर म्हणाली, बायला सांगू नको, ती शाळेतल्यासारखी रागावते. मदर मेरीची शपथ घातली मला. मीही म्हटलं, बघू, पुढच्या फोनला परत सांगू." तिनं तेलात आणखी एक मासा सोडला. तो तडतडला. "नर्स आहे मी, बाय. लोकांच्या आयांचं दुखणं मी पाय बघून ओळखते."

माझ्याकडे पाठ केलेलं भाषण होतं, त्यातला एकही शब्द इथे लागू नव्हता. मी पुन्हा स्टुलावर बसले. आमच्या घरचा जिना डोळ्यांसमोर आला.

"गॅस कमी कर," मी म्हटलं. "जळतोय." आणि मग, "माझ्यासमोर ती जिन्यात मध्येच थांबायची. मी विचारलं की म्हणायची, श्शू, शेजारीण काहीतरी बोलतेय, ऐकू दे."

बहीण वळली. "मग तू काय म्हणायचीस?"

"मी म्हणायचे, आई, लोकांचं बोलणं चोरून ऐकू नये."

तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसणं होतं की काय, मला नक्की सांगता येणार नाही.

"आणि पाय?"

"मोजे घालून बसायची. मे महिन्यात! म्हणे, लादी गार लागते."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"शिक्षिका आहे मी," मी म्हटलं. "आजवर मला कुणी फसवलं नाही असं मला वाटतं."

मग मात्र ती गॅस बंद करून खुर्चीवर बसली, गाउननं डोळे पुसले आणि म्हणाली, "नाटकी होती आई."

"पहिल्यापासून."

"मला सांगायची, बाय तुझी आठवणसुद्धा काढत नाही."

"मला सांगायची, तिचं सारखं सारखं नाव काढू नको, तिला तिकडे उचक्या लागतील, रुग्णाला सुई चुकीची टोचेल."

"माझी चॉकलेटं शेजाऱ्यांना वाटायची आणि मला म्हणायची, बायनं खाल्ली."

"मी खाल्ली?" माझा आवाज चढला. "मला साखर आहे! मी एक तुकडा खाल्ला असेन!"

"आणि डॉक्टरला कुठे घाबरायची गं ती एवढी? घरात मुलगी नर्स!"

"घाबरत नव्हती. हट्टी होती. नुसती हट्टी. मी तिला म्हटलं असतं ना..."

"काय म्हटलं असतंस? ऐकलं असतं तिनं?"

आमचे आवाज इतके वाढले की भाची बोंबलाचं पाकीट हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. एकदा आईकडे बघते, एकदा माझ्याकडे.

"हू आर यू फाइटिंग विथ?"

"आजीशी," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"बट शी इज डेड!"

"मग?" बहीण म्हणाली. "ती जिवंत असताना तिच्यापुढे तोंड उघडायची हिंमत होती का आमची? बस तूपण. ताटं घे."